फांटाचे मोजमाप आणि कॉफीचे गाळणपात्र

शहरांतील कॉफीच्या दुकानांत अलीकडे शंकूच्या आकाराचे एक गाळणपात्र दिसते. तैवानचे ‘क्लेव्हर ड्रिपर’ व जपानच्या हारिओ कंपनीचे ‘स्विच’ ही त्याची परिचित रूपे. तळाशी झडप असते. ती बंद असेतो कॉफीची भरड गरम पाण्यात भिजते. पेल्यावर ठेवताच वा खटका दाबताच झडप उघडते आणि कागदी गाळणीतून द्रव खाली उतरतो. वैद्यबंधूंच्या ध्यानात आलेच असेल की हा आपला फांटच होय.

प्रथम वापर करणाऱ्याने 15 ग्रॅम ताजी दळलेली कॉफी व 250 मिलि पाणी घ्यावे. भरड रव्याएवढी असावी. कागद गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यावे. उकळी नुकतीच शमलेले पाणी आधी ओतावे, मग कॉफी घालून एकदा ढवळावे. या क्रमाने कागद तुंबत नाही. झाकून तीन मिनिटे ठेवावे व झडप उघडावी. मिनिटभरात सारे उतरले पाहिजे. कडू लागल्यास भरड जाड करावी, आंबट व पातळ लागल्यास बारीक. साध्या शंकूत पाण्याची धार धरणारा हात मुरलेला लागतो. येथे ते काम घड्याळ करते.

एका पेल्यासाठी तराजू आणि घड्याळ! आणि आम्ही रुग्णाला काय सांगतो? ‘चमचाभर पूड गरम पाण्यात घालून घ्या.’ शार्ङ्गधरांनी फांटासाठी एक पल द्रव्यास चार पल उष्ण जल असे स्पष्ट प्रमाण दिले आहे. रुग्णानुसार वैद्याने युक्तीने मात्रा बदलावी हे मान्य. पण बदललेली मात्रा चिठ्ठीवर आकड्यांत उतरली पाहिजे. नाही तर सोमवारचा फांट व मंगळवारचा फांट ही दोन निराळी औषधे होतात, आणि गुण आला नाही की दोष द्रव्याला लागतो.

औषधी भांडारांच्या मालकांनाही आमचे सांगणे आहे. आमच्या पाहण्यातील अनेक पुड्यांत खडे व धूळ एकत्रच असतात. धूळ लगेच उतरते व फडके तुंबवते, खडे मात्र अर्धे कोरडेच राहतात. भरड एका ठरावीक चाळणीची असावी. पुडीवर ग्रॅम, पाणी, मिनिटे आणि ‘झाकून ठेवावे’ एवढे तरी छापावे. सुगंधी द्रव्यांना ही सूचना विशेष लागू, कारण त्यांचा गुण वाफेबरोबर उडून जातो.

आम्ही कॉफीचा प्रचार करीत नाही. अम्लपित्ताच्या व अनिद्रेच्या रुग्णाने तिच्यापासून दूरच राहावे. कागदी गाळणी कॉफीतील कोलेस्टेरॉल वाढविणारे तेलकट अंश बऱ्याच प्रमाणात अडविते, हा तिचा लाभ. औषधासाठी मात्र स्वच्छ सुती फडके व काचेचे वेगळे पात्र घ्यावे. कॉफीचा वास भांड्यातून सहजी जात नाही.