सोवळे हात आणि स्वच्छ हात

गेल्या श्रावणांत मावळांतील तिकोणा पेठेस एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. पुढें पवना धरणाचें भरलेलें पाणी, मागें ढगांत बुडालेला गड आणि घरांत सात दिवसांचें बाळ! सूनबाई रुग्णालयांत बाळंत होऊन नुकत्याच परतल्या होत्या. आम्ही बसलों असतां गांवच्या आशाताई बाळास पाहावयास आल्या. त्यांनीं मनगटावरील घड्याळ काढलें, बांगड्या वर सारल्या, साबणानें कोपरापर्यंत हात धुतले आणि ते कशासहि न पुसतां हवेंतच वाळूं दिले. इतक्यांत घरच्या आजी बाळास घेण्यास पुढें झाल्या. आशाताई हळूच म्हणाल्या, "आजी, आधीं हात धुतां का?"

आजींचा चेहरा उतरला. "अगं, सकाळपासून सोवळ्यांत आहें मी!" सूनबाई मान खालीं घालून बसल्या. आशाताईंनीं आवाज न चढवितां सांगितलें, "सोवळं देवासाठीं, आजी. साबण बाळासाठीं." क्षणभर थांबून आजी न्हाणीघराकडे वळल्या.

आजींस जें वाटलें तेंच १८४७ सालीं व्हिएन्ना येथील मोठमोठ्या डॉक्टरांस वाटलें होतें. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. डॉक्टर व विद्यार्थी यांच्या विभागांत १८४६ सालीं शेंकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागांत शेंकडा तीनहि नाहीं. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास या फरकानें झोंप येईना. पुढें त्यांचे एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळीं सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या देहांत बाळंतरोगाचींच लक्षणें दिसलीं. तेव्हां उलगडा झाला: डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहांत येत. ते साबणानें हात धूत, हात स्वच्छ दिसत. पण प्रेताचा वास जात नसे. सेमेलवाइस यांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. एप्रिलांत शेंकडा अठरा असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा दोनवर आलें. तरीहि, मृत्यु आपल्याच हातांनीं नेला हें कबूल करणें अनेक विद्वानांस जड गेलें. १८४९ सालीं सेमेलवाइस यांची नेमणूक पुढें चालूं राहिली नाहीं.

तात्पर्य, दिसण्यांतील स्वच्छता निराळी आणि खरी स्वच्छता निराळी. आपलें सोवळेंहि येथेंच चुकतें. कोणाचा स्पर्श झाला हें आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजीत आलों, आणि त्या मोजणींत कित्येक माणसांचा अपमान केला; हाताला काय लागलें आहे हें मात्र पाहिलें नाहीं. रोगजंतूंस जातहि नाहीं आणि पदवीहि नाहीं.

आज रुग्णालयांतील प्रत्येकास हें ज्ञान आहे; मग हात धुणें राहून कां जातें? दरवेळीं आळसच कारण असतो असें नाहीं. एका परिचारिकेकडे अनेक रोगी, पाण्याचा नळ खोलीच्या दुसऱ्या टोकास, आणि वारंवार धुण्यानें भेगाळलेले हात! जिनिव्हा येथील रुग्णालयानें १९९४ ते १९९७ या काळांत हें ओळखून खाटेशेजारींच हातांस चोळावयाचा मद्यार्कयुक्त द्रव ठेविला आणि सर्वांस वारंवार आठवण दिली. हात स्वच्छ करण्याचें प्रमाण शेंकडा ४८ वरून ६६ वर गेलें. रुग्णालयांतच जडणाऱ्या संसर्गाचें प्रमाण शेंकडा सुमारें १७ वरून १० पर्यंत उतरलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं पांच वेळा सांगितल्या आहेत: रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं, निर्जंतुक काम करण्यापूर्वीं, रक्तादि द्रवांशीं संबंध आल्यावर, रोग्यास स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या भोंवतालच्या वस्तूंस हात लागल्यावर. हातमोजे घातले म्हणून यांतील एकहि वेळ टळत नाहीं.

आशाताईंची शिस्त तर आपल्याच महाराष्ट्रांतली. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांस नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली. हात धुणें हा तींतील एक पाठ. जंतुदोषावरील औषधोपचार, ऊब व स्तनपान हे दुसरे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटले होते. पुढें २०११ सालीं अशीच घरभेटींची योजना देशभर सुरू झाली.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावयाचें आहे. रोग्यास भेटावयास जातांना आणि परततांना हात धुवावे. साबणपाण्यास पाऊण ते एक मिनिट पुरतें. खाटेवर बसूं नये. आणि डॉक्टर किंवा परिचारिका रोग्यापाशीं आल्या, तर "हात धुतलेत ना?" असें विनयानें विचारण्यास संकोचूं नये.

पण हा प्रश्न रुग्णालयांत विचारण्याचें धैर्य घरांत शिकावें लागतें. ज्या घरांत सून सासूस हें विचारूं शकत नाहीं, त्या घरची मुलगी उद्यां परिचारिका होऊन मोठ्या डॉक्टरांस काय विचारणार? पेठेंतील आजी न्हाणीघरांतून ओल्या हातांनीं परत आल्या, त्यांनीं ते वाळूं दिले, बाळास मांडीवर घेतलें, आणि सूनबाईंकडे पाहून म्हणाल्या, "उद्यां मी विसरलें तर तूंच सांग हो." एवढी परवानगी प्रत्येक घरच्या वडील माणसानें द्यावी.