कासवीची दृष्टी आणि काचेची पेटी

आज वैशाखी पौर्णिमा. श्रीविष्णूंच्या दशावतारांतील दुसऱ्या अवताराची, भगवान कूर्मनारायणाची ही जयंती. या तिथीला समुद्रमंथनाचे आख्यान लावण्याचा आमचा नेम फार वर्षांचा आहे. मंदराचलाची रवी, वासुकीची दोरी, देव आणि दानव यांची ओढाताण आणि या साऱ्याच्या तळाशी, कोणाच्याही दृष्टीस न पडणारे ते अचल आसन. या कथेचा रस कधी आटत नाही. परंतु अलीकडे आरती होऊन बुक्का लागला की आमच्यापाशी येणाऱ्या मंडळींचा प्रश्न भक्तीविषयी अथवा मुक्तीविषयी नसतो. ते विचारतात, "बुवा, घरी एक कासव पाळावे म्हणतो. कोणते घ्यावे? आणि ठेवावे कोठे?"

विचारणारे श्रद्धाळू असतात, त्यांच्या हेतूत पाप नसते. कोणास कोणी सांगितलेले असते की कासवाच्या पावलांनी लक्ष्मी घरात येते. कोणाच्या घरी नातवाने हट्ट धरलेला असतो. एखाद्या वृद्ध जोडप्यास ओसरीवर सोबत हवी असते. अशा प्रश्नाचे उत्तर सभामंडपात उभ्या उभ्या देता येत नाही. यास्तव ते आज येथे देत आहोत. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. गृहस्थाच्या घरी कासव अवश्य असावे. ते पाषाणाचे, पितळेचे अथवा चित्रातले असावे. जिवंत कासवाचे घर त्याच्या स्वतःच्या रानात, तळ्यात आणि सागरात आहे. तेथेच ते नांदू द्यावे.

प्रथम लक्ष्मीची गोष्ट घेऊ. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा विस्ताराने आली आहे. मंदर पर्वत समुद्रात बुडू लागला, तेव्हा भगवंतांनी कूर्मरूप घेऊन त्यास पाठीवर तोलून धरले. पुढे मंथन झाले, आधी हालाहल निघाले, ते शंकरांनी प्राशन केले, आणि त्यानंतर रत्ने निघता निघता लक्ष्मी प्रकट झाली. म्हणजे लक्ष्मी आली ती मंथनातून, घामातून, विष पचवल्यानंतर. कूर्माने दिला तो आधार. घुसळण्याचे श्रम त्याने कोणाचे वाचवले नाहीत. मग कासव विकत आणून कोपऱ्यात ठेवले आणि लक्ष्मीची वाट पाहत बसले, यास शास्त्राधार तो कोणता? वीस नखांचे कासव मिळाले तर धनाचा वर्षाव होतो, ही अफवा तर याहून घातक. तिच्यापायी भोळी माणसे लुबाडली जातात आणि मुक्या जीवांची चोरटी विक्री होते. धर्माचे नाव घेऊन केलेला हा अधर्म आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

कोणी विद्वान आम्हास अडवतील आणि म्हणतील, "शास्त्रीबोवा, अग्निचयनात वेदीच्या तळच्या थरात जिवंत कासव ठेवण्याचा विधी शतपथ ब्राह्मणात सांगितला आहे, त्याचे काय?" होय, सांगितला आहे. त्याच ठिकाणी कूर्माचे नाते कश्यपाशी जोडले आहे आणि सर्व प्रजा ही काश्यपी, म्हणजे कश्यपाची, असा भावही तेथेच आला आहे. तथापि परंपरा वाहती असते. देवालये उभी राहू लागली तेव्हा गर्भगृहाच्या पायात कूर्मशिला बसवण्याची रीत पडली आणि महाराष्ट्रातील शिवालयांत नंदीच्या परिसरात, गाभाऱ्याच्या वाटेवर, दगडी कासव आले. जिवंत जिवाच्या जागी शिला आली, हा आपल्या पूर्वजांचाच निर्णय होय. कासव कोठे ठेवावे, याचे उत्तर त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

त्या दगडी कासवाचा अर्थही विसरता कामा नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी कासवाचाच दृष्टांत दिला. कासव आपले अवयव आवरून घेते, तशी साधकाने इंद्रिये विषयांपासून आवरावीत. देवदर्शनाआधी कासवाचे दर्शन घ्यावयाचे ते याचसाठी. जे प्रतीक 'आवर' म्हणून सांगते, त्याचाच जिवंत देह हव्यासापोटी विकत घ्यावा, यापरता विपर्यास कोणता?

आता व्यवहाराकडे वळू, कारण प्रश्न विचारणाऱ्यास वेदान्त पुरत नाही. बाजारात बहुधा ज्याची चोरून विक्री होते ते पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारांकित कासव. लोक त्यास स्टार कासव म्हणतात. वायव्येकडील गुजरात-राजस्थानचा कोरडा प्रदेश, दक्षिण भारत आणि श्रीलंका ही त्याची भूमी. या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली सर्वांत कडक निर्बंध आले. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत गेले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत ते आहे. अशा प्राण्याच्या बाबतीतील गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही त्या जाळ्यात येतात. नदी-तळ्यांतील आपल्या देशी कासवांनाही याच कायद्याचे कवच आहे. "आमच्या आजोबांनी विहिरीत कासव सोडले होते," असे पुष्कळजण सांगतात. सोडले असेल, परंतु तेव्हा रानात कासवे किती होती आणि आज किती उरली, याचाही विचार व्हावा.

कायदा क्षणभर बाजूस ठेवू आणि त्या जिवाची गरज पाहू. तारांकित कासवास कोरडी, मोकळी जमीन, चरावयास गवत व रानपाला, दुपारी दडावयास झुडपाची सावली आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे अंगावर थेट पडणारे ऊन लागते. उन्हावाचून त्याच्या देहात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसले की अन्नातला चुना अंगी लागत नाही. चुना लागला नाही की हाडे आणि पाठ मऊ पडते, वाकडी होते. काचेतून आलेल्या उन्हाने हे काम होत नाही. आणि आपण काय करतो? काचेची पेटी आणतो, तळाशी चार बोटे पाणी भरतो, कारण कासव म्हणजे पाणी अशी आपली समजूत. जमिनीवरचे ते कासव, त्या ओलीत त्याच्या फुप्फुसांस विकार जडतो. प्रेमाने भात, पोळीचा तुकडा, दूध, केळे घालतो आणि त्याच्या पाठीवर वेड्यावाकड्या गाठी उठतात. ते ओरडत नाही, चावत नाही, रडत नाही. महिनोन् महिने मुकाट्याने झिजते आणि आपण म्हणतो, "किती शांत आहे हो आमचे कासव!"

त्याची पाठ म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. ती त्याच्या कण्याशी व बरगड्यांशी जडलेली जिवंत हाडे आहेत. तिला स्पर्श कळतो, वेदना कळते. भागवतकारांनी तर मंदराचल पाठीवर फिरू लागला तेव्हा भगवंतांना कोणी अंग खाजवावे तसे सुख वाटले, असे वर्णन केले आहे. पाठीला संवेदना असते, हे त्या कवीस ठाऊक होते. आपल्याकडे मात्र सणाच्या दिवशी त्या पाठीवर रंगाने स्वस्तिक काढणारे आहेत.

"मग परदेशी कासव घ्यावे काय?" असा पुढचा प्रश्न येतो. पेठेतील दुकानांत नाण्याएवढे हिरवे, कानापाशी तांबडा पट्टा असलेले पिल्लू मिळते. ते मूळचे अमेरिकेतील, पाण्यात राहणारे. वाढून सुमारे फूटभर होते, वीस-तीस वर्षे जगते. वर्षा-दोन वर्षांत पेटी अपुरी पडते, पाण्यास दुर्गंधी येते आणि मग पुण्यकर्म म्हणून तेच कासव देवळाच्या तळ्यात सोडले जाते. हे पुण्य नव्हे. जगातील अत्यंत उपद्रवी परकीय प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे; ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हे खाण्याची जागा दोन्ही बळकावते. दुसरे आफ्रिकेतील सुलकाटा. पिल्लू तळहातावर मावते. पुढे तेच चाळीस-पन्नास किलोंचे होते, जमिनीत भुयारे खणते आणि पाळणाऱ्याच्या पश्चातही जगते. अशा ज्या परदेशी प्राण्यांची नावे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आहेत, ते बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांन्वये सरकारी परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. नोंदणी केली म्हणजे कायद्याचे समाधान होईल. पण अंगण, ऊन, चारा आणि तुमच्यानंतर त्याचा सांभाळ करणारा वारस, यांची नोंद कोण करणार? कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील 'अद्वैत' नावाचे महाकाय कासव २००६ साली मरण पावले, तेव्हा त्याचे वय अडीचशेच्या घरात होते असे सांगतात. आपल्या कर्त्या पुरुषांच्या किती पिढ्या त्यात मावतील, ते वाचकांनीच मोजावे. लहान मुलांच्या घरी आणखी एक सावधगिरी हवी. कासवाच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. त्याला वा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुतलेच पाहिजेत. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी झाली.

आता कोणी म्हणेल की बुवांनी सगळी दारे बंद केली, नातवाची समजूत घालावी कशी? तर ऐकावे. आमच्या संतपरंपरेत कासवीची एक लाडकी उपमा आहे. कासवी पिलांना पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र असे म्हणत नाही. सागरी कासवाची मादी वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिले आपली आपण बाहेर पडतात. पण दृष्टांत हा प्राण्याचे वर्णन करण्यासाठी नसतो, माणसाला शिकवण्यासाठी असतो. जवळ न ओढता, मुठीत न धरताही प्रेम करता येते, ही ती शिकवण. आणि आज कासवाला नेमक्या याच प्रेमाची गरज आहे.

असे प्रेम करणारी माणसे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. लोक दुरून येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, दोरीच्या अलीकडे उभे राहून इवलीशी पिले लाटांकडे धावताना पाहतात. हातात कोणी घेत नाही. डोळे मात्र भरून येतात. तिकडे आसामात हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात भाविकांनी शतकानुशतके काळ्या मऊ पाठीची कासवे राखली. ही जात निसर्गातून नाहीशी झाली असे एकेकाळी मानले गेले होते. आज त्याच तळ्यातील अंड्यांतून निघालेली पिले पुन्हा मोकळ्या पाण्यात सोडली जातात. भक्तीने कासव वाचते ते असे.

तेव्हा नातवाला पुढील हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, कोकणच्या किनाऱ्यावर न्यावे. पेटीतले कासव त्याला दोन महिन्यांत कंटाळवाणे होईल. ती पहाट तो जन्मभर सांगेल. ज्यांना सोबत हवी त्यांनी अंगणात पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवावे. आणि ज्यांच्या घरी कासव आधीच आले आहे, त्यांनी घाबरून ते रात्रीच्या अंधारात नदीत वा देवळाच्या तळ्यात सोडू नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्यांच्या हाती सोपवावे. मोहाने धरलेली वस्तू विवेकाने सोडणे, यासही आपल्या शास्त्रात दान हाच मान आहे.

आज सायंकाळी देवघरात दिवा लावताना पूजेतल्या छोट्या पितळी कासवावर दोन फुले वाहावीत आणि घरातील मुलांना समुद्रमंथनाची कथा सांगावी. साऱ्या विश्वाचा भार ज्याने पाठीवर घेतला, त्याला आपण त्याच्या वाट्याची चार हात जमीन, ओंजळभर पाणी आणि थोडे ऊन राखून ठेवावे, एवढेच मागणे आहे.

श्रीकूर्मनारायणार्पणमस्तु.