धर्माच्या गाईचेही दात मोजा



बैलबाजारात आपला माणूस बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. बियाण्याची पिशवी घेतली तर लॉट नंबर वाचतो, उगवणीची टक्केवारी बघतो, पावती जपून ठेवतो. मग तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीत किंवा कोणाच्या ओसरीवर सोडून आपण कापूस वेचायला जातो, तेव्हा त्या जागेची पारख कोण करतो? विचारले की उत्तर तयार असते: फुकट तर आहे, धर्माची गाय अन् दात का गं नाय!

आमचे म्हणणे साफ आहे. ही गाय धर्माची नाही. काडीपेटीपासून डिझेलपर्यंत आपण जो कर भरतो, त्यावर अंगणवाडी चालते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा तिथला आहार हा हक्क ठरवला. हक्काच्या वस्तूचे दात मोजायचेच असतात.

कोणी म्हणेल, तपासणीला साहेब येतात. साहेब रजिस्टर तपासतात, जागा तपासत नाहीत. तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली. जिना अरुंद, वाट नाही. 94 लेकरे गेली. कागद काहीही म्हणोत, चूल आणि छप्पर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते.

दुसरी गोष्ट आपल्या कापूसवाल्यांच्या अगदी घरातली. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतले जेवण खाऊन 23 मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. आपण ज्याला नुसते 'मोनो' म्हणतो, तेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसे मेली, तिथे दहा-बारा किलोच्या लेकराची काय कथा! हे विष पोटातून जाते तसे कातडीतूनही जाते. रांगते मूल जमिनीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते.

म्हणून पारख कशी करायची ते सांगतो. त्याला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात.

पहिले, विष बघा. खोलीत, माळ्यावर, शेजारच्या कोठारात फवारणीचा पंप, औषधाचे डबे, खताची पोती असतील तर मूल तिथे ठेवू नका. तेल कशात ठेवले आहे ते विचारा, वास घ्या. औषधाचे रिकामे डबडे कितीही धुतले तरी ते भांडे होत नाही. जेवणानंतर मुलाला घाम सुटला, लाळ गळू लागली, उलटी झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

दुसरे, पाणी बघा. कठडा नसलेली विहीर, उघडा हौद, जवळचे शेततळे. प्लास्टिकच्या अस्तरावरून घसरलेले मूल वर येऊ शकत नाही. रांगत्या बाळाला तर भरलेली बादलीही पुरते.

तिसरे, चूल बघा. ती मुलांच्या खोलीपासून वेगळी हवी आणि दार अडले तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी.

चौथे, हात मोजा. मुले किती आणि सांभाळणारी मोठी माणसे किती? सेविका बैठकीला किंवा सर्वेक्षणाला गेली तर मागे कोण? नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर एक वर्षाचे पोर देणे याला सांभाळणे म्हणत नाहीत. त्यात दोन लेकरांचे नुकसान आहे.

पाचवे, मूल कोणाच्या हाती जाते ते विचारा. ठरलेल्या माणसाशिवाय कोणालाही देता कामा नये. एखाद्या माणसाला पाहून मूल दचकत असेल, तिथे जायचे म्हटले की अंग चोरत असेल, तर रागावू नका, ऐका. 1098 हा मुलांसाठीचा फुकट फोन आहे, तो लावा.

आणि सगळ्यात मोठी कसोटी दाराची. न सांगता भर दुपारी जा. जिथे आईला दारात अडवतात, ती जागा सुरक्षित नाही. जी सेविका 'या, आत बघा' म्हणते, तिच्या मागे उभे राहा. तिचे मानधन थकले तर तिच्यासाठी भांडा. आमचे भांडण तिच्याशी नाही.

वेचणीच्या दिवसांत वेळ कोणाला, हा सवाल खरा आहे. मजुरी किलोवर, तास बुडाला की पैसा बुडाला. म्हणून पाळी लावा. दर आठवड्याला दोन आया, अर्धा तास. भार सगळ्यांवर वाटला की जड होत नाही.

पण पारखीने सगळे भागत नाही. अंगणवाडी दुपारी सुटते, वेचणी दिवस मावळताना. मधल्या तासांत लेकरू कोणाचे? केंद्राच्या 'पाळणा' योजनेत 2022 पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती आपल्या गावात का नाही, हे ग्रामसभेत विचारा आणि ठराव लिहून घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात: त्या ठरावाची नक्कल आणि पाळीतल्या आयांची नावे. कापसाचा भाव आपण भांडून मागतो. लेकरांच्या जिवाचा हिशेबही तसाच भांडून मागायचा आहे.