पाणवठ्यावरील विद्युत् पंप : केवळ फ्यूजचा भरवसा नको

महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी व धरणांच्या फुगवट्यावर विद्युत् पंपांच्या रांगा उभ्या असतात. उजनी जलाशयाच्या काठी, इंदापूर व करमाळा तालुक्यांत, उन्हाळ्यात पाणी जसजसे मागे हटते तसतसे पंप पुढे सरकवावे लागतात आणि केबलला तुकडे जोडून ती वाढवावी लागते. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढले म्हणजे फितीने गुंडाळलेले हेच जोड पाण्याखाली जातात. त्याच पाण्यात मुले पोहतात, गुरे धुतली जातात, मच्छीमार होड्या लावतात. तेथे विजेची गळती सुरू झाली तर ती डोळ्यांस दिसत नाही. माणूस बुडाला एवढेच दिसते. शरीरावर भाजल्याची खूण नसल्यास खरे कारण झाकलेलेच राहण्याचा संभव असतो.

विहिरीचे वा नदीचे गोडे पाणी हे विजेचे फारसे चांगले वाहक नव्हे. क्षारयुक्त द्रवांनी भरलेले मनुष्याचे शरीर त्याहून चांगले वाहक आहे. म्हणून गळती असलेल्या पाण्यात माणूस उतरला की प्रवाह त्याच्या शरीराची वाट धरतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका अधिक असतो, तो याच कारणाने. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने स्नायू आखडू लागतात व हातपाय ताब्यात राहत नाहीत. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास व हृदय बंद पडण्याचे भय असते. १०० वॉटच्या साध्या दिव्यातून याच्या दहापटींहून अधिक प्रवाह वाहतो. पट्टीचा पोहणाराही अशा पाण्यात असाहाय्य होतो, हे ध्यानात घ्यावयास हवे.

फ्यूज आहे, अर्थिंग आहे, मग भीती कसली, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. ५ अश्वशक्तीची मोटार सात-आठ अँपिअर प्रवाह घेते. तिचा फ्यूज त्याहून मोठा असावाच लागतो. अतिप्रवाहाने तारा जळू नयेत, हे फ्यूजचे काम. अर्ध्या अँपिअरची गळती त्याच्या खिजगणतीतही नसते. अर्थिंग अत्यावश्यक खरे. परंतु मुरमाड किंवा कोरड्या पडलेल्या जमिनीत त्याचा रोध २० ओहम असला, तर २३० व्होल्ट दाबाने फार तर साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहील आणि मोटारीच्या कवचात व भोवतालच्या पाण्यात वीज तशीच खेळत राहील.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे अर्थ लीकेज ब्रेकर. मोटारीकडे गेलेला सर्व प्रवाह तारांवाटेच परत येतो की नाही, हे तो पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या सरोवरांत बोटींच्या धक्क्यांजवळ पोहणारे लोक याच रीतीने दगावले आहेत. तेथील राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या २०११ च्या आवृत्तीत धक्क्यांवर गळती-संरक्षणाची अट आली व २०१७ च्या आवृत्तीत तिची मर्यादा १०० वरून ३० मिलिअँपिअरवर आणण्यात आली. धक्का असो की पंपाचा काठ, पाण्यातील विजेचा धर्म एकच आहे.

म्हणून जेथे माणसे पाण्यात उतरतात तेथे हा ब्रेकर स्टार्टरइतकाच पंपाचा आवश्यक भाग मानला गेला पाहिजे. पंपासाठी शासकीय अनुदान वा बँकेचे कर्ज मंजूर होते, तेव्हा अंदाजपत्रकात त्याची किंमतही धरली जावी. तो वारंवार पडतो म्हणून जोडणीतून वगळण्याची रीत घातक आहे. त्याचे पडणे ही बहुधा गळतीचीच सूचना असते. अशा वेळी तारतंत्र्याकडून जोड व मोटार तपासून घेणे हाच उपाय होय. ब्रेकरवरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. केबलचे जोड शक्यतो पाण्याबाहेर व उंचावर ठेवावेत.

वीज पाळीपाळीने येते आणि ऑटो स्विचमुळे पंप आपोआप सुरू होतो. तेव्हा फूटव्हॉल्व्ह साफ करण्यास पाण्यात उतरणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करून किटकॅट काढून घ्यावेत. पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटताच पंप, पाइप व लोखंडी शिडीपासून दूर व्हावे. कोणी बुडताना दिसल्यास उडी टाकण्याचा मोह आवरावा. अशा उडीने एकाच्या जागी दोन जीव जातात. प्रथम वीज बंद करावी, कोरडा बांबू वा दोर पुढे करावा, आणि बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असल्यास वैद्यकीय मदत येईपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देणे चालू ठेवावे. मेन स्विच कोठे आहे व तो कसा बंद करावयाचा, हे काठावर वावरणाऱ्या घरातील प्रत्येकास, मुलांसह, ठाऊक असले पाहिजे.