दुसऱ्या ओळीतली फुली

४७ गुणिले ३६. तिसरी-चौथीच्या वर्गात असे उदाहरण फळ्यावर आले की काही वह्यांत ४२३ हे उत्तर ठरलेले असते. ४७ ला ६ ने गुणून २८२ आले, ३ ने गुणून १४१ आले, दोन्हींची बेरीज केली. पाढे बरोबर, हातचे बरोबर, बेरीजही बरोबर. राहिली ती फक्त दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात मारायची फुली. बरोबर उत्तर १६९२ आहे. 'फुली मारायला विसरू नकोस' असे सांगून वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

मूल विसरले, हे निदान मात्र अपुरे आहे. ३६ मधला ३ म्हणजे तीन नव्हे, तीस, हे त्या मुलाच्या मनात नव्हतेच. ४७ ची तीसपट १४१० होते आणि फुली ही त्यातल्या शून्याची जागा असते. हे उमगलेल्या मुलाला फुली वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. शिवाय उत्तराचा अंदाज आधी घेण्याची सवय असेल तर ४२३ हा आकडा तिथल्या तिथे खटकतो. नुसते ४० गुणिले ३० केले तरी बाराशे होतात; मग ४७ गुणिले ३६ चे उत्तर पाचशेच्याही आत कसे येईल?

या एका गुणाकारात मुलाला किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते मोजून पाहावे. चार वेळा पाढा आठवायचा, दोन हातचे धरायचे आणि मिळवायचे, एक घर सरकायचे, शेवटी दोन ओळींची बेरीज करायची. हे सगळे मेंदू ज्या स्मृतीत क्षणभर धरून ठेवतो तिला मानसशास्त्रात 'वर्किंग मेमरी' म्हणतात. तिची जागा फार थोडी असते. मोठ्या माणसालाही एका वेळी मोजक्याच गोष्टी तिथे धरता येतात, लहान मुलाला त्याहून कमी. अर्थ न कळलेली प्रत्येक पायरी ही तिथली एक जागा अडवते.

भीतीही तीच जागा अडवते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी विशेषतः हातच्याच्या बेरजांमध्ये अडखळत, आणि त्याच वेळी दुसरे काही लक्षात ठेवायला सांगितले की अधिकच अडखळत. घड्याळ लावून गणिते सोडवून घेणाऱ्या आणि चुकलेल्या वहीवरून वर्गात हसे करणाऱ्या पद्धतीने मूल चपळ होत नाही. हातचा धरायला जी जागा हवी, तीच कमी होते.

अर्थ हाताशी असला की मुले किती सहज गुणाकार करतात, याचा दाखला ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातून मिळतो. टेरेझिन्हा काराहेर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तिथल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ला एक, तर चार नारळांचे किती? मुलाने तिघांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवून १३५ आणि मग १४० सांगितले. हाच गुणाकार कागदावर दिला तेव्हा पाच चोक वीस, हातचे २; दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, असे करत उत्तर आले २००. बाजारात तोच मुलगा असा हिशेब सांगून फसला नसता.

आपल्याकडचे चित्र फार वेगळे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये २०२५ साली आला. बाजारात काम करणारी मुले व्यवहाराचे हिशेब तोंडी अचूक करत होती, पण पाठ्यपुस्तकी मांडणीत अडत होती. बाजाराचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांची गत उलटी होती. दोन्हीकडे ज्ञान अर्धेच पोचले होते.

ही दोन अर्धी जोडण्याचा साधा मार्ग म्हणजे चौकटीची वही. तिच्यावर एक आयत काढावा. एक बाजू ४७, दुसरी ३६. ४७ चे ४० आणि ७, ३६ चे ३० आणि ६ असे भाग पाडले की चार कप्पे होतात. त्यांत १२००, २४०, २१० आणि ४२ येतात. बेरीज १६९२. आता सहाकडचे दोन कप्पे मिळवले तर २८२, तीसकडचे दोन मिळवले तर १४१०. उभ्या मांडणीतल्या दोन ओळी त्या याच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या ओळीत शून्य का येते, हे कुणी सांगावे लागत नाही.

हे परदेशी खूळ आहे, असे कुणाला वाटले तर त्याने भास्कराचार्यांची 'लीलावती' आठवावी. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला, त्या भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडवले. १२ चे ८ आणि ४ करा, ३ आणि ४ ने ओळीने गुणा, १० आणि २ असे स्थानानुसार फोडा, किंवा २० ने गुणून ८ पट वजा करा. प्रत्येक वेळी उत्तर १६२०.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मग पाढ्यांची गरज काय? गरज आहेच. सात सक बेचाळीस हे विचार न करता आठवले तरच डोके बाकीच्या पायऱ्यांसाठी मोकळे राहते. समज असली की पाठांतर नको, हे म्हणणे पाठांतर असले की समज नको या म्हणण्याइतकेच चुकीचे आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, वर्ग भरलेले, कप्पे काढत कुठे बसायचे? पण उभी मांडणी घाईने शिकवून वाचवलेला वेळ पुढे भागाकारात आणि दशांश अपूर्णांकांत व्याजासह फेडावा लागतो. ग्रामीण भागातल्या 'असर' पाहणीत २०२४ मध्ये देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

उभी मांडणी आटोपशीर आहे, ती शिकायलाच हवी. प्रश्न क्रमाचा आहे. आधी अंदाज, मग भाग पाडणे, मग कप्पे आणि शेवटी उभी मांडणी. परीक्षेतही अंदाजाला एखादा गुण ठेवावा. ज्याला गुण मिळतात तेच वर्गात शिकवले जाते. घरी वही तपासणाऱ्या पालकांनीही 'उत्तर काय आले?' याआधी 'साधारण किती यायला हवे?' असे विचारावे. या प्रश्नाला फार तर अर्धा मिनिट लागतो, आणि ४२३ लिहिणारे मूल तेवढ्या वेळात आपली चूक स्वतःच शोधू शकते.