डुकराची जीभ काय सांगते?

कोबी चिरताना आपल्याकडची गृहिणी अलीकडे जरा दबकतेच. कोबीतला किडा पोटातून थेट मेंदूत चढतो, ही गोष्ट कुणाच्या तरी भाचीच्या, कुणाच्या तरी शेजाऱ्याच्या नावावर कित्येक वर्षे घरोघर फिरते आहे. कोबी बिचारा त्यात फुकट बदनाम झाला. पानावर दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा. आणि ती अंडी कोबीची नसतात, माणसाच्या विष्ठेतून आलेली असतात. कोबीची चौकशी आपण पुष्कळ केली. ज्याच्याकडे खरी माहिती आहे, त्या प्राण्याचे नाव घ्यायचीही आपल्याला किळस येते. तो प्राणी म्हणजे डुक्कर.

या पट्टकृमीचा संसार दोन घरांत चालतो. पूर्ण वाढलेला कृमी राहतो माणसाच्या आतड्यात. दोन-चार मीटर लांबीचा हा पाहुणा यजमानाला बहुधा पत्ताही लागू देत नाही. त्याची अंडी शौचावाटे उघड्यावर पडतात. मोकाट डुक्कर ती घाण खाते आणि त्याच्या स्नायूंत, जिभेत भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पुटी तयार होतात. हे मांस कच्चे राहिले आणि कुणी खाल्ले, की त्या माणसाच्या पोटात नवा कृमी वाढू लागतो.

इथवर वाचून शाकाहारी वाचक निर्धास्त झाले असतील. त्यांनी होऊ नये. तीच अंडी डुकराऐवजी माणसाच्या तोंडात गेली, म्हणजे न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून, तर तशाच पुटी माणसाच्या शरीरात होतात. मेंदूत झाल्या की फिट येते. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना हा विकार झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्या धर्मात डुकराचे मांस निषिद्ध. शोध घेता घेता संशय घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्त्रियांच्या पोटातल्या कृमीपर्यंत पोचला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. असा कृमी बाळगणाऱ्याला सहसा ते ठाऊकच नसते.

आपल्या देशाची कथाही फार वेगळी नाही. ऐंशीच्या दशकात सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून कित्येकांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. मॅथ्यू चँडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९१च्या सुमारास अशा गाठी तपासून दाखवले, की त्यांतल्या बऱ्याच या कृमीच्या पुटी आहेत. हा रोग जिथे ठाण मांडून बसला आहे, तिथल्या अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांचे कारण हा कृमी असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आकडी येणाऱ्या मुलीच्या आईबापांना या टक्क्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, बाहेरचे बघा, हे सगळे सोसून झाल्यावर लग्नाच्या वेळी काय लपवायचे हा प्रश्न उरतोच. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली निघाला; समाजाच्या मनातून तो अजून निघालेला नाही. आणि हा अपस्मार टाळता येण्यासारखा आहे.

तो टाळायचा तर डुकरावर नजर हवी. कारण साधे आहे. अंडी पोटात गेल्यापासून माणसाला पहिली फिट येईपर्यंत कित्येकदा वर्षे जातात. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांना मायदेशी पोचल्यावर वर्षांनी फिट येऊ लागल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. म्हणजे रुग्ण सांगतो ती शिळी बातमी. डुकराचे आयुष्यच जेमतेम वर्षभराचे. त्याच्या अंगात पुटी दिसल्या, तर गेल्या काही महिन्यांत त्याच वस्तीत कुणाच्या तरी पोटात कृमी होता हे नक्की. डुक्कर सांगते ती आजची बातमी.

ती वाचायची रीतही जुनी आहे. जनावर आडवे धरून तोंडात दांडकी घालायची, फडक्याने जीभ ओढायची आणि खालच्या बाजूने बघायची, चाचपायची. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अॅरिस्टोफेनिसच्या ग्रीक नाटकातही या तपासणीचा उल्लेख आहे. थोड्या पुटी असल्या तर ही तपासणी चुकते, म्हणून रक्ततपासणीची आणि कत्तलखान्यातल्या मांसतपासणीची जोड लागते. पण जिभेवर गाठ सापडली, तर ती साक्ष सहसा खोटी नसते.

पेरू देशातल्या तुंबेस प्रांतात ही साक्ष मानली गेली. जिभेवर ठळक पुटी असलेले डुक्कर सापडले, की त्याच्या शंभर मीटर परिसरातल्या माणसांची तपासणी किंवा उपचार करायचे, असा एक प्रयोग तिथे झाला. त्याच प्रांतातल्या मोठ्या मोहिमेत माणसांना कृमीचे औषध आणि डुकरांना औषध व लस देण्यात आली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर पाहिले, तेव्हा १०७ खेड्यांपैकी १०५ खेड्यांत रोगट डुक्कर आढळले नाही.

मी बँकेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात म्हशी, शेळ्या आणि डुकरे यांच्यासाठीही आम्ही कर्जे दिली. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे. बिल्ला नाही तर भरपाई नाही. नुकसान कळवल्याने माणसाचा फायदा होणार असेल तर तो धावत येऊन कळवतो, तोटा होणार असेल तर गप्प बसतो, हे मी तिथे शिकलो. पेरूतही तेच दिसले. सरकारी कत्तलखान्यात रोगट डुक्कर जप्त होते म्हणून लोक ते चोरून विकत. आपल्याकडे डुक्कर पाळतात ती बहुतेक कुटुंबे हातावर पोट असलेली. त्यांचे जनावर भरपाईशिवाय नेले, तर दुसरी जीभ आपल्याला बघायला मिळणार नाही. नगरपालिकांच्या डुकरे पकडण्याच्या मोहिमांचे तेच होते. गाडी येते, भांडण होते, डुकरे दुसऱ्या हद्दीत जातात आणि आजाराची बातमीही त्यांच्याबरोबर जाते.

२०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. डुकरांसाठीची लस हैदराबादची एक कंपनी बनवते. त्यांच्या अंगातल्या पुटी मारणारे औषध आहे. माणसाच्या पोटातला कृमी बहुधा एका मात्रेने जातो. १९९३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जगातून हटवता येण्यासारख्या मोजक्या रोगांच्या यादीत याचे नाव घातले, ते उगाच नव्हे. संडास बांधून आपण अर्धे काम केले आहे. त्यांचा वापर टिकवणे हे उरलेले काम आहे.

पण बँकेत रोज संध्याकाळी दोन वह्यांचा ताळा जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. इथे डुकराची वही पशुसंवर्धन खात्याकडे आणि फिट येणाऱ्या मुलाची वही आरोग्य खात्याकडे. पशुवैद्याला पुटी सापडली, तर ती खबर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे आणि तिथल्या माणसाने त्या वस्तीत जाऊन पोटातले कृमी शोधले पाहिजेत. डुकराच्या मालकाला जनावराची किंमत मिळाली पाहिजे. मागणी एवढीच आहे.

डुकरामुळे रोग होतो असे आपण सहज म्हणतो. हिशेब मुळापासून मांडला तर पहिली नोंद आपल्याच नावावर निघते. अंडी माणसाच्या पोटातून आली, डुकराने फक्त ती उचलली आणि आपल्या जिभेवर लिहून ठेवली. ते वाचायला खर्च फारसा नाही. फक्त किळस थोडी बाजूला ठेवावी लागेल.