दिरांची गाडी आणि भिशीची उचल

वरोऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. धाकट्या दिरांना नोकरी लागून वर्ष झालं. घरची जुनी पेट्रोल मोटार 'जरा तयार करावी' असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. म्हणजे फिल्टरचा मूळ डबा काढून शंकूसारखा उघडा एअर फिल्टर, मागे जाड नळीचा 'फ्री-फ्लो' सायलेन्सर, आणि मग इंजिनाचं ट्यूनिंग. खर्चासाठी वहिनींच्या भिशीची उचल मागितली आहे. "वहिनी, पिकअप बघाच तुम्ही," असं ते म्हणतात. भगिनी विचारते, यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण गाडी कुठली आणि गाव कुठलं, ते आधी पाहावं लागतं.

गॅसच्या शेगडीला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याचं बूड काळं होतं. पेट्रोलचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा मोकळी आत आली आणि धूर मोकळा बाहेर गेला, तर इंजिन जास्त जोर काढू शकतं. शर्यतीच्या गाड्यांना हे भाग लावतात ते याचसाठी. तिथे इंजिन सारखं वरच्या फेऱ्यांवर पळत असतं. आपली गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये कोळशाच्या ट्रकमागे रांगत असते! अशा कमी फेऱ्यांवर जाड नळीनं लहान इंजिनाचा जोर उलट कमीच होऊ शकतो. वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. पुरुषांना तर फारच.

आता आपल्याकडचा उन्हाळा घ्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असते. 25 अंशांच्या मानानं 45 अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे सहा टक्के हवा कमी मावते. कंपनीनं फिल्टर डब्यात बंद करून त्याची नळी पुढे काढलेली असते, ती बाहेरची त्यातल्या त्यात गार हवा मिळावी म्हणून. उघडा फिल्टर बॉनेटखालची भट्टीसारखी हवाच ओढतो. पैसे मोजून आणलेला जोर इथेच गळून जातो.

आणि धूळ? ती तर आपल्या पाचवीलाच पुजलेली. घुग्घुसकडे कोळशाची, वीज केंद्राच्या बाजूला राखेची, एटापल्ली-आलापल्लीकडे सुरजागडचं लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांनी उडवलेली लाल. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवून बघा. हीच धूळ इंजिनात गेली की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासते. मग गाडी ऑइल पिऊ लागते, निळा धूर टाकते आणि इंजिन उघडायची वेळ येते. स्वस्तातल्या उघड्या फिल्टरात आणि मूळ कागदी फिल्टरात चहाचं गाळणं आणि मैद्याची चाळणी एवढा फरक असू शकतो.

ट्यूनिंगचं म्हणाल, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत मिस्त्री स्क्रू फिरवून पेट्रोल कमी-जास्त करीत. इंजेक्शनच्या गाडीत ते काम संगणक करतो. त्याचं गणित बदलायचं तर गाडी यंत्रावर चढवून, जोर आणि मिश्रण मोजून बदलावं लागतं. नुसत्या अंदाजानं पेट्रोल कमी बसलं तर इंजिन तापतं, ठोकू लागतं, आणि पिस्टनसुद्धा जातो.

सायलेन्सरचं प्रकरण तर कायद्यातही अडकतं. धुराच्या नळीत एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो विषारी वायू बराच कमी करतो. 'मोकळी नळी' बसवताना पुष्कळदा तोच काढून टाकतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्सही तीन महिने जातं. पी.यू.सी. आणि विम्याची कटकट वेगळीच. शिवाय मोहर्लीच्या रस्त्यानं रात्री असा आवाज करीत जाणं म्हणजे जंगलातल्या मुक्या जिवांना उगाच छळणं.

तेव्हा या भगिनीनं उचल सगळी देऊ नये, आणि दिरांना एकदम 'नाही'ही म्हणू नये. हौस आहे, ती मारू नये. नवा कागदी फिल्टर, नवे प्लग, ऑइल, टायरमधली हवा आणि जरूर असेल तर क्लच, एवढं चांगल्या गॅरेजात करून घ्यावं. जुनी गाडी बहुधा याच कारणांनी मंदावलेली असते. कागदी फिल्टर धुवू मात्र नये. हलक्या हातानं झटकावा, आणि आपल्या धुळीत पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच बदलावा.

एक गोष्ट मात्र दिरांना बजावूनच सांगा. शेडचं दार लावून, गाडी चालू ठेवून काम करायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. सायलेन्सरच्या सांध्यातून फट राहिली तर तोच वायू गाडीतही शिरतो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. म्हणून सायलेन्सरचं काम झालं, की सांधे तपासून घेतल्याशिवाय गाडी घरी आणू देऊ नका.